आधणाचा नळ

आमच्या घरातली इलेक्ट्रिक किटली मार्चमध्ये गेली. शांतपणे गेली. बटण दाबलं, लाल दिवा लागला, विझला, संपलं. बायकोने तिला उलटी करून दोनदा थोपटलं, मी प्लगमधला फ्यूज बदलून पाहिला. इंग्लंडात प्रत्येक प्लगच्या पोटात एक फ्यूज असतो आणि तो मला बदलता येतो. माझ्या इंजिनियरिंगच्या पदवीचं या देशात घरगुती चीज झालं ते एवढंच.

नवी किटली पंचवीस पौंडांना मिळते. पण नेमकं तेव्हाच स्वयंपाकघराचं काम काढलेलं होतं, जुना ओटा उखडलेला होता, आणि उखडलेला ओटा बघून पुरुषाच्या डोक्यात नाही नाही ते येतं. माझ्या डोक्यात नळ आला.

उकळत्या पाण्याचा नळ. साधा गरम पाण्याचा नव्हे, तो इथे प्रत्येक घरात असतोच. हा फिरवला की सरळ आधण.

ही कल्पना हेन्री पेटेरी नावाच्या एका डच माणसाची. हा गृहस्थ युनिलिव्हरमध्ये होता. १९७० मध्ये तिथे झटपट सूपवर खल चालला असताना त्याच्या मनात आलं, की पावडर कितीही झटपट असली तरी पाणी उकळेपर्यंत माणूस ताटकळतोच, मग झटपट ते काय? त्याने नोकरी सोडली आणि घराच्या तळघरात खटपट सुरू केली. त्याचा नळ बाजारात यायला १९८७ उजाडलं. माणसांची तीन-तीन मिनिटं वाचावीत म्हणून एका माणसाने सतरा वर्षं घातली. मला हा माणूस फार आवडला. बायकोला त्याच्या बायकोची दया आली.

आम्ही शोरूममध्ये गेलो. विक्रेता तरुण होता, बूट चकचकीत होते. त्याने समजावलं, सिंकखाली एक टाकी बसते, तीनेक लिटरची. आत पाणी दाबाखाली असतं, त्यामुळे एकशे आठ-दहा अंशांवर जाऊनही ते उकळत नाही. नळ उघडला की दाब सुटतो आणि बाहेर पडता पडता पाण्याला उकळी फुटते.

"म्हणजे कुकर," बायको मराठीत म्हणाली. "सिंकखाली चोवीस तास शिट्टीच्या बेतात बसलेला कुकर."

विक्रेत्याने दांडी दोनदा दाबून फिरवली. पोरांच्या हाती सहज लागू नये म्हणून तशी सोय असते. फस्स करून वाफेचा ढग आला आणि पाठोपाठ फुसफुसणारी, दुधाळ, थेंबाथेंबांची धार. धार सलग नसते म्हणून चटका लगेच बसत नाही, असं म्हणत त्याने बोट धारेतून सर्रकन फिरवून दाखवलं. मी भारावलो. "निखाऱ्यावरून चालणारेही असंच सांगतात," बायको म्हणाली. मग किंमत आली. बसवण्यासकट बाराशे पौंड.

सत्तावीस वर्षं इथे राहूनही पौंडाला शंभराने गुणायची सवय आमची सुटलेली नाही. खरा दर त्याच्या कितीतरी पुढे गेला, पण शंभराने गुणणं सोपं पडतं आणि धक्काही जरा कमी बसतो. एक लाख वीस हजार. परतीच्या बसमध्ये आम्ही बोललो नाही.

रात्री मी पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. लिटरभर गार पाणी उकळायला युनिटचा दहावा भाग लागतो. युनिट पंचवीस पेन्सच्या आसपास धरलं तर उकळी पडते अडीच पेन्सना. नळाची टाकी नुसती गरम राहायला, चांगली असली तर, दहा वॉट खाते. दिवसाचं पाव युनिट, म्हणजे सहा पेन्स. थोडक्यात, आम्ही कामावर, झोपेत किंवा भारतात असताना हा नळ रोज दोन-अडीच किटल्या आपल्याआपण उकळून बसणार. किटलीत आपण गरजेपेक्षा जास्त पाणी भरतो, ते उकळणं फुकट जातं, हे नळवाल्यांचं म्हणणं खरं आहे. पण रोज लिटरभर पाणी फुकट उकळलं तरी सहा पेन्स होत नाहीत. बाराशे पौंड वसूल व्हायला किती वर्षं लागतील ते मी काढायला घेतलं. उत्तर उणे आलं. ते पाकीट मी बायकोला दाखवलं नाही.

त्याऐवजी मी तिला इतिहास सांगितला. हा देशच मुळी किटलीवर चालतो. ४ जुलै १९९० ला विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून पेनल्टीवर हरलं, आणि सामना संपताक्षणी अख्खा देश उठून चहाला लागला. विजेची मागणी एका झटक्यात २८०० मेगावॉटनी चढली. आपलं कोयनेचं सगळं वीजकेंद्र मिळून १९६० मेगावॉटचं. म्हणजे इंग्रजांनी दुःख गिळायला जवळजवळ दीड कोयना लावली! असे हिसके सोसता यावेत म्हणून वेल्समध्ये डिनॉर्विगला डोंगर पोखरून वीजकेंद्र बांधून ठेवलं आहे. वरच्या तळ्यातलं पाणी खाली सोडायचं, रात्री स्वस्त विजेने परत वर चढवायचं. "अशा देशात राहून आपण साधा नळ घेऊ नये?"

"त्यांचा चहा पाणी ओतून होतो," ती म्हणाली. "आपला?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. आपल्या चहाला आधण नुसतं येऊन चालत नाही, ते आल्यावरच खरं काम सुरू होतं. आलं ठेचून टाकायचं, साखर, पत्ती, मग दूध, मग ते दोनदा वर येऊन दोनदा खाली बसायला हवं. पातेलं शेगडीवर चढणारच, मग त्यात पाणी गार गेलं काय नि उकळतं गेलं काय. मी उकडीच्या मोदकांचं नाव काढलं. उकडही शेगडीवरच पिठी घालून ढवळावी लागते, नळाखाली नाही, हे तिने सांगितलं. भाताचं आधण? भात कुकरला लागतो. शेवटी मी माझं सकाळचं कोमट पाणी पुढे केलं.

"म्हणजे पाणी शंभरावर न्यायचं, आणि मग विसण घालून चाळिसावर आणायचं?"

विसण हा शब्द मी कित्येक वर्षांनी ऐकला. एकदम आजोळचं न्हाणीघर, बंब, घंगाळ आणि धुराने चुरचुरणारे डोळे आठवले. वादात हरत असताना माणूस असा हळवा होतो.

त्यात मेमध्ये आई सांगलीहून आली, सहा महिन्यांच्या व्हिसावर. ती नळाला मोडता घालणार याची मला खात्री होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे वैलच की रे हा."

ज्यांनी चूल पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो: वैल म्हणजे चुलीच्या अंगाचं दुसरं तोंड. जाळ चुलीत घालायचा, त्याची उरलेली धग वैलाकडे जाते. तिथे दिवसभर पाण्याचं नाहीतर दुधाचं भांडं बसलेलं असायचं. "कधीही हात घालावा तर पाणी ऊन. घेऊन टाक." आईचं मत मला मिळालं. दोन विरुद्ध एक. मी शोरूमला फोन लावायच्या बेतात होतो.

पण त्या रात्री आईने बॅगेतून लुगड्यात गुंडाळून आणलेला जुना ईगलचा थर्मास काढला, पातेल्यात उकळलेलं पाणी त्यात भरलं आणि उशाशी ठेवून झोपली. सकाळी सहाला त्यातलं पाणी कपात ओतलं. वाफ निघत होती. शून्य वॉट.

नळाची टाकी म्हणजे हाच थर्मास, फक्त त्याला वायर. दोन भिंती, मध्ये पोकळी, ही युक्ती जेम्स ड्यूअरने १८९२ मध्ये काढली, तीही इथे लंडनातच. त्याने तिचं पेटंट घेतलं नाही आणि पैसा जर्मनांनी केला.

तरीही मी हटलो नव्हतो. शेवटचा घाव सिंकखाली बसला. टाकी किती जागा खाईल ते बघायला मी टेप घेऊन कपाटात डोकं घातलं. डावीकडे कचऱ्याचा डबा. मागे किटलीतला क्षार काढायचा व्हिनेगरचा कॅन, कारण लंडनचं पाणी खडूच्या दगडातून येतं. आणि मध्ये, बरोबर टाकीच्या जागी, पिशव्यांची पिशवी. सत्तावीस वर्षांच्या पिशव्या. त्यात तुळशीबागेतल्या एका दुकानाची पिशवी आहे, जे दुकान आता राहिलेलं नाही.

"ती कुठे ठेवणार?" बायकोने वरून विचारलं.

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. बाराशे पौंडांना असेल, उणे हिशेबाला असेल, पण त्या पिशवीला जागा नव्हती.

शनिवारी जाऊन नवी किटली आणली. चोवीस पौंड नव्व्याण्णव पेन्स, दोन वर्षांची गॅरंटी. गॅरंटीचा कागद पिशव्यांच्या पिशवीत ठेवला आहे.