रनाळ्याची समुद्रवाली

सागरी जीवशास्त्र शिकलेल्या मुलीने सुट्टीत आमच्या गावी, रनाळ्याला येऊ नये. आलीच तर जूनमध्ये तर नाहीच. ८ जून हा जागतिक महासागर दिन, आणि आमच्याकडे आभाळाकडे बघायचे दिवस. कपाशीचं बियाणं घरात येऊन पडलेलं असतं आणि पाऊस समुद्रावरून येतो, हे ओट्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं.

"पानी कव्हय पडी वं माय?"

माझं काम कासवांचं, मान्सूनचं नाही, हे सांगून पाहिलं. ओट्यावरच्या आबांच्या मते एका कचेरीतल्या माणसाला शेजारच्या टेबलावरची फाईल माहीत हवीच.

माझी नोकरी प्रकल्पावरची. मार्चमध्ये प्रकल्प संपतो, पुढचा मंजूर झाला तर झाला. म्हणून आई पाहुण्यांना 'ती समुद्रखात्यात आहे' एवढंच सांगते. असं खातं कुठेच नाही, पण त्याच्या जोरावर स्थळं येऊ लागली आहेत.

जनजागृती हा माझ्या कामाचा अर्धा भाग. किनाऱ्यावरच्या कार्यक्रमांत लोक टाळ्या वाजवतात आणि चहाकडे वळतात. रनाळ्यात टाळ्या नाहीत, उलटतपासणी.

सांगितलं, ऑलिव्ह रिडली कासवीण वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते. पिल्लू नर की मादी हे वाळूच्या उबेवर ठरतं. वाळू जास्त तापली की माद्याच जास्त.

"मंग आपली तापीनी वाळूमा, मे महिनामा?"

मी तोंड उघडायच्या आत आजीने निकाल दिला, "उकडेल अंडी!" शास्त्रीयदृष्ट्या तिचं काही चुकलं नव्हतं.

मग प्लास्टिक. शिवारातलं पाणी तापीला जातं. तापी सारंगखेडा, प्रकाशा, उकाई करत सुरतेपुढे डुमसजवळ समुद्राला मिळते. तेव्हा गुटख्याची पुडी नाल्यात टाकू नका. मागून आवाज आला, "इतली धरणं वलांडीसन पुडी जास, अन् आम्हले सुरतनं रिझर्वेशन भेटत नई!"

मग उपग्रह. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला जानेवारी २०२२ मध्ये 'प्रथमा' नावाच्या कासविणीच्या पाठीवर उपग्रह-ट्रान्समीटर बसवला. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरची ही पहिलीच. ती श्वासासाठी वर आली की तेव्हाच संदेश मिळायचा. एक काका म्हणाले, "मना पोर्‍यासारखं शे. पैसा लागनात तव्हयच फोन लागस." इतकं नेमकं स्पष्टीकरण मला कुठल्याच पोस्टरवर जमलेलं नाही.

आतापर्यंत सगळे मजेत होते. मग मी सांगितलं, कासव किंवा व्हेल शार्क जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून सोडून दिला, तर महाराष्ट्र सरकार २५ हजारांपर्यंत भरपाई देतं. डिसेंबर २०१८ पासूनची योजना आहे. ओटा एकदम सरसावून बसला.

"पंचनामा कोन करस? तलाठी पानीमा जास का?"

तलाठी लागत नाही, म्हटलं. मोबाईलवर फोटो किंवा व्हिडिओ काढून अर्ज करायचा.

शांतता पसरली. अवकाळीनंतर पंचनाम्याची वाट पाहिलेली माणसं होती ती. फोटोवर भरपाई ही गोष्ट त्यांना व्हेल शार्कपेक्षा दुर्मीळ वाटली असणार.

मग आबा खाकरले. "रानडुक्कर मक्यात घुसलं आणि आपण फोटो काढून त्याला सुखरूप जाऊ दिलं, तर किती?"

अर्जाचा मसुदा मीच करायचा असं ठरलं. समुद्रखात्याच्या लेटरहेडवर.