ऑफिसर होऊ घातलेला माणूस

आरएसओ, अर्थात रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसर. हुद्द्यात ऑफिसर नसता, तर या वयात मी पुस्तक उघडलं असतं का, याची शंकाच आहे. आमच्या पूर्ण्यात गोडाऊनवाले पुष्कळ, ट्रान्सपोर्टवाले त्याहून पुष्कळ. ऑफिसर मात्र बाहेरून गाडीने येतात आणि गाडीनेच परत जातात. त्यामुळे दारावरच्या पाटीचा मजकूर, अक्षरांची जाडी, स्क्रू पितळी की स्टीलचे, हे सगळं पहिला धडा वाचायच्या आधीच ठरलं.

शेजारच्या तात्यांनी विचारलं, "या वयान कनची परीक्षा देतंस रं?"

"अणुऊर्जा नियामक मंडळाची मान्यता मिळते, तात्या," मी जमेल तितक्या जड आवाजात म्हणालो.

"मंग तो मोबाईलचा टॉवर हटव आदी."

टॉवर आमच्या खात्यात येत नाही, हे तात्यांना अजून पटलेलं नाही.

अभ्यास तसा सरळ आहे. किरणांपासून वाचायचे उपाय तीन: वेळ कमी, अंतर जास्त, मध्ये आडोसा. अंतर दुप्पट केलं की मारा चौथा हिस्सा उरतो. (अंजूरफाट्याच्या कोंडीत वेळ वाढतो, अंतर तसूभर हलत नाही आणि आडोसा म्हणून पुढे कंटेनर असतो.) इरिडियम-192चं अर्धायुष्य 74 दिवस. कामगाराला वर्षाला सरासरी 20 मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात 30च्या वर नाही. तात्यांसारख्या सामान्य जनांना 1.

इथवर ठीक. पुढे अन्नावरच्या किरणप्रक्रियेचं पान आलं आणि मी हापूसपाशी अडकलो. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' केंद्र आहे. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून उभारलेलं. 60 ते 90 ग्रेच्या मात्रेत कांदा गप्प बसतो. 2007 साली अमेरिकेला आंबा जायचा ठरला, तेव्हा हापूसचीही वरात तिकडेच वळली. जन्म कोकणातला, संस्कार कांद्याच्या गावी, सासर अमेरिकेत! कोबाल्ट-60 समोर किमान 400 ग्रे खायचे, म्हणजे कोयीतल्या किडीचा वंश पुढे चालत नाही. माणसाच्या सगळ्या अंगावर एकदम 4 ते 5 ग्रे पडले, तर उपचारांविना निम्मी माणसं दगावतात. हापूस त्याच्या शंभरपट सोसून पेटीत बसतो, किरणोत्सारी होत नाही आणि गोडीही सोडत नाही. परीक्षेत यावर फार तर एक मार्क असेल. मी तीन संध्याकाळ दिल्या. बायको म्हणाली, "आंब्याचे ऑफिसर होणार का?"

आमचं रोजचं काम मात्र किरणांनी वेल्डिंगच्या जोडांचे फोटो काढायचं. परवा एका हेल्परच्या छातीवर बॅज दिसला नाही. विचारलं, तर म्हणाला, "कपाटात आहे सर, जपून ठेवलाय." बॅज किरणं अडवत नाही, फक्त मोजतो. आतल्या चकत्या तापवल्या की चमकतात, त्या चमकेवरून डोस कळतो. तीन महिन्यांनी रिपोर्ट येतो. पोराला हे सगळं ठाऊक होतं. आकडा मोठा आला की दोन महिने घरी बसवतात आणि घरी बसलं की रोज बुडतो, हेही ठाऊक होतं. म्हणून किरणं त्याने अंगावर घेतली आणि कपाटाचा रिपोर्ट स्वच्छ आला.

राग आला, त्याचा नाही. डोस मोजायची एवढी नाजूक युक्ती काढली आणि पोराने ती वापरावी म्हणून लागणारी दोन महिन्यांची रोजी कुणी हिशेबात धरली नाही. जास्त डोस झालेल्या पोराला पगार चालू ठेवून दुसऱ्या कामाला लावा, एवढंच आमच्या शेठना सांगायचं आहे. पास झालो की सांगेनच. मात्र त्या हिंमतीचं अर्धायुष्य मी मोजून पाहिलंय: जिन्याच्या वळणावर निम्मी, केबिनच्या दाराशी पाव. म्हणून शेठना जिन्याखालीच, गाडीत बसायच्या आत, गाठायचं ठरवलंय.