झोपलेल्यांत जागा

आम्हा सनदी लेखापालांच्या संस्थेचं बोधवाक्य कठोपनिषदातलं आहे. सगळे झोपलेले असताना जो जागा असतो तो, असा त्याचा अर्थ. तिथे ते परब्रह्माबद्दल आहे म्हणे. सीए झालो तेव्हा मला ते माझ्याबद्दलच वाटलं होतं. पुढे 30 जुलैच्या रात्री अडीच वाजता, प्राप्तिकर विवरणपत्राच्या पोर्टलचं चक्र गरगरत असताना, खरा अर्थ कळला.

ताठा तरी गेला नाही. लग्नात कोणी ताट घेऊन शेजारी बसला आणि "जरा एक विचारायचं होतं" म्हणाला, की मी "हो"चं उत्तरही "तसं बघायला गेलं तर..." असं सुरू करतो. सोपं सांगितलं तर फी कसली?

आता पॉपकॉर्नच घ्या. (हा विषय निघाला की बायको उठून जाते.) डिसेंबर 2024 मध्ये जीएसटी परिषदेने खुलासा केला: खारे, सुटे असतील तर 5 टक्के; तेच लेबल लावून पाकिटात घातले की 12; कॅरमेल चढवलं की 18, कारण मग ती मिठाई! देश हसला. मी टिपण काढलं. थिएटरात शेजारच्याला तिन्ही दर समजावले. मध्यंतरानंतर तो दुसरीकडे जाऊन बसला. सप्टेंबर 2025 मध्ये 12चा टप्पाच गेला, तेव्हा घरातलं कोणी गेल्यासारखं वाटलं.

माझ्याकडे एक निवृत्त बालवाडी शिक्षिका यायच्या. ठेवींवर व्याज, कर कापू नका म्हणून द्यायचा 15एच अर्ज राहिला, बँकेने 6,200 रुपये कर कापला. बाईंचं करदेणं शून्य. "साहेब, काही चुकलं तर धरणार नाहीत ना?" मुलांना एक ते शंभर शिकवण्यात जन्म गेलेली बाई, स्वतःच्याच पैशांसाठी घाबरलेली. परतावा आला तेव्हा बेसनाचे लाडू घेऊन माझे आभार मानायला आल्या. कशाबद्दल? लाडू घशाखाली उतरेना.

1961च्या प्राप्तिकर कायद्यात 819 कलमं होती. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या कायद्यात 536 आहेत. 'आकारणी वर्ष' जाऊन नुसतं 'कर वर्ष' आलं. कमावलं एका वर्षी, नाव दुसऱ्या वर्षाचं, हे समजावण्याचा माझा रुबाब बुडाला. बुडू दे. विवरणपत्र बाईंना स्वतः भरता यावं आणि लाडू त्यांनी घरीच खावेत.

तोवर एक विनंती: कागद जूनमध्ये आणून द्या. 30 जुलैला नको.