बर्फाच्या कप्प्याच्या काकू

कळंबला श्रीचिंतामणीच्या दर्शनाला पायऱ्या उतरून जमिनीखाली जावं लागतं. साठवणकाकूंच्या दहीदुभत्याच्या दर्शनासाठी फ्रीजच्या वरच्या कप्प्यात हात घालावा लागतो. साठवणकाकू कुणी एक बाई नव्हे, तो घराघरांत आढळणारा एक वाण आहे. श्रीखंडाच्या डब्यात साय, सायीच्या डब्यात खवा आणि खव्याच्या डब्यात बहुधा मटार, ही त्यांची मांडणी. डब्यावर चिठ्ठी लावणं त्यांना कमीपणाचं वाटतं. टरबुजावर मारावी तशी टिचकी मारून त्या आतला ऐवज सांगतात, आणि चुकल्या तर दोष डब्याचा असतो.

या बाईंना हसणं सोपं आहे, पण दहीदुभतं गोठवून ठेवण्यात त्या निम्म्या तरी बरोबर आहेत. पाणी गोठलं की साधारण नऊ टक्के फुगतं, आणि घरच्या फ्रीजमध्ये ते सावकाश गोठत असल्यानं बर्फाचे कणही मोठे होतात. ज्या पदार्थाचा मऊपणा पाणी धरून ठेवण्यावर उभा आहे, त्याची घडी हे कण विस्कटून टाकतात. म्हणून बर्फातून काढलेल्या दह्याचं एकीकडे पाणी होतं, दुसरीकडे चोथा. पनीर भुसभुशीत होतं. उलट लोण्यात पाणी थोडं, खव्यात ते आधीच आटलेलं आणि श्रीखंडात साखरेनं बांधलेलं, त्यामुळे ही मंडळी बरीचशी शाबूत परततात. सायीची गोष्ट तर आणखी मजेदार. स्निग्धांशाच्या बारीक गोळ्यांवरचं आवरण बर्फ फाडतो, साय फुटते. पण फुटणं हाच लोणी निघण्याचा रस्ता. पंधरा दिवसांची गोठलेली साय घुसळताना बर्फ काकूंचं अर्धं काम आधीच करून बसलेला असतो. श्रेय अर्थातच काकूंच्या हाताला जातं.

‘रोजचं ताजं खावं, साठवायचंच कशाला?’ असं सूनबाई विचारतात. प्रश्न रास्त आहे. पण गवळी घरातली माणसं मोजून दूध घालत नाही आणि चतुर्थीचे पाहुणे आधी कळवून येत नाहीत. काकूंचा बचावही ऐकण्यासारखा असतो: ‘नासलं तर नाही ना? मग झालं!’ फुटलेल्या दह्याची कढी आणि भुसभुशीत पनीरची भुर्जी होते, तिथवर हे खरंच. मात्र थंडीनं जंतू मरत नाहीत, नुसते झोपतात. म्हणून डबा ओट्यावर न ठेवता खालच्या कप्प्यात ठेवून आतला पदार्थ रात्रभर वितळू द्यावा आणि वितळलेला पुन्हा गोठवू नये. विदर्भातल्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीकडे निघालेला असताना, लाइन गेली की हा नियम काकूंना न विचारताच मोडतो. त्यावर एक जुनी युक्ती आहे: वाटीभर बर्फावर नाणं ठेवायचं, ते तळाशी दिसलं तर मधे सगळं वितळून पुन्हा गोठलं असं समजायचं. काकू ही युक्ती मनोभावे पाळतात. नाणं तळाशी गेलं की वाटी नळाखाली धरून ते सोडवतात, स्वच्छ पुसतात आणि नव्या बर्फावर पुन्हा ठेवतात. शेजारच्या खव्याला मात्र कुणी काही विचारत नाही.