मॅडम, बसा ना दोन मिनिटं

मॉलच्या तळमजल्यावर, सरकत्या जिन्याच्या अलीकडे, जिथे चार प्रकारची अत्तरं एकदम नाकात शिरतात तिथे ती उभी असते. काळी पँट, काळा शर्ट, कमरेला ब्रशांचा पट्टा, केस घट्ट बांधलेले आणि चेहऱ्यावर घामाचा टिपूस नाही. ती आपल्याकडे बघून हसते. आपण मागे वळून बघतो, कारण इतकं मनापासून हसून आपलं स्वागत घरीसुद्धा कुणी करत नाही. "मॅडम, बसा ना दोन मिनिटं," ती म्हणते. आपण बसतो. पाऊण तासानं उठतो तेव्हा हातात पिशवी असते आणि पिशवीत प्रायमर. प्रायमर कशाला लावतात हे घरी गेल्यावर मुलीला विचारायचं असतं.

ही अप्सरा सकाळी बदलापूरहून लोकलनं आलेली असते. बी.कॉम. झालेली असते आणि नोकरीला लागून बी.ए. झालेली असते, कारण मॉलच्या बोलीत ब्यूटी अ‍ॅडव्हायझरला बी.ए.च म्हणतात. वडिलांना ही पदवीची घसरण वाटते. पगाराचा आकडा ऐकल्यावर ते मुद्दा सोडतात.

घरात मेकअपची परंपरा म्हणाल तर आईची पावडर आणि मामाच्या लग्नात घेतलेली एक लिपस्टिक, जी अजून संपलेली नाही. मुलगी नाक्यावरच्या पार्लरमध्ये थ्रेडिंग शिकते, मग मेकअपचा कोर्स करते, त्याची फी घरी कम्प्युटर क्लासची म्हणून सांगते. सर्टिफिकेट लॅमिनेट होतं. मग चुलत, मावस, आते अशा यच्चयावत बहिणींच्या चेहऱ्यांवर पोर्टफोलिओ तयार होतो. त्यातला 'आधी'चा फोटो ट्यूबलाइटखाली, तोंड पाडून काढलेला असतो आणि 'नंतर'चा खिडकीपाशी, हसून. निम्मा मेकअप खिडकीनंच केलेला असतो.

आता नोकरी. मॉल इथे कुणाला नोकरी देत नाही. काउंटर ब्रँडचं, जागा मॉलची आणि पगार पुष्कळदा माणसं पुरवणाऱ्या तिसऱ्याच एका एजन्सीचा. हसू तेवढं मुलीचं स्वतःचं. जाहिरातीत लिहिलेलं असतं : वॉक-इन इंटरव्ह्यू, काळे कपडे, फुल मेकअप, सोबत मॉडेल आणावी. मे महिन्यात, ऑफिसच्या वेळेला, बदलापूर ते कुर्ला, फुल मेकअप! ज्यानं हे वाक्य लिहिलं तो एसी गाडीतून फिरत असणार. शहाण्या मुली घरून कोरड्या चेहऱ्यानं निघतात आणि लेडीज डब्यात, एका कोपरानं दांड्याला अडकून, कल्याणला फाउंडेशन, ठाण्याला डोळे आणि घाटकोपरला ओठ असा मेकअप उरकतात. धावत्या लोकलमध्ये सरळ आयलायनर ओढणाऱ्या मुलीची आणखी परीक्षा काय घ्यायची? पण घेतात.

मॉडेल म्हणून यायचं कबूल केलेल्या मैत्रिणीचं आदल्या रात्री पोट बिघडतं. हा नियमच आहे. मग ऐन वेळी मावशीला उठवून आणावं लागतं. मावशी पन्नाशीची, आयुष्यात पहिल्यांदा अशा उंच खुर्चीवर चढलेली. "भुवयांना हात लावू नको गं, कालच केल्यात," एवढी एक अट घालून ती डोळे मिटते.

समोर ट्रेनर मॅडम कागद घेऊन बसलेल्या असतात. मुलीला वाटतं, त्या आपली कला बघताहेत. त्या बघत असतात तिचे हात. चेहऱ्याला लावण्याआधी ते सॅनिटाइझ केले का? टेस्टरची लिपस्टिक थेट ओठांवर फिरवली, की स्पॅच्युलानं थोडी खरवडून घेतली? काजळाची पेन्सिल आधी शार्पनरमधून काढून स्पिरिटनं पुसली का? मस्काऱ्याला वापरून फेकायची कांडी घेतली का? फाउंडेशनची छटा हाताच्या पाठीवर बघितली की जबड्याच्या कडेला? हाताचा आणि तोंडाचा रंग सहसा जुळत नाही. जबड्यावर दोन-तीन छटांच्या रेघा ओढायच्या, उजेडाकडे तोंड करायचं आणि जी रेघ कातडीत विरघळून दिसेनाशी होते ती आपली. मनगटाच्या शिरा निळसर दिसतात की हिरवट, यावरून त्वचेची झाक थंड की उबदार हेही ठरवतात. मावशीच्या मनगटावर बांगड्याच इतक्या, की शिरेचा पत्ता नाही.

'डे लुक' होतो. तो न पुसता त्याचाच 'इव्हनिंग लुक' करून दाखवायचा असतो. मावशीला हे काही पटत नाही. संध्याकाळी ती मेथी निवडते. तरी गप्प बसते, कारण आरशात जे दिसतंय ते तिला आवडलेलं असतं.

मग ट्रेनर मॅडम पेन खाली ठेवून विचारतात, "छान. आता यांना काय विकशील?"

आमची कलावती इथे अडखळते. "मावशीला? मावशी काही घेणार नाही हो, मॅडम." प्रामाणिक उत्तर आहे. याच उत्तरानं नोकरी जाते.

शेजारच्या खुर्चीपाशी दुसरी एक मुलगी असते. तिच्या मॉडेलच्या डाव्या डोळ्याचं आयलायनर बोरिवलीकडे निघालेलं आणि उजव्याचं पनवेलकडे. ती हातातलं सोडून या परक्या मावशीपाशी येते आणि म्हणते, "मावशी, काय दिसताय हो! पण रात्री हे काढणार कशानं? साबणानं? नका हं, एवढी छान स्किन आहे तुमची." मावशी पर्स उघडते. रिमूव्हर जातो, त्याच्यामागून काजळ जातं. ती मुलगी सोमवारी रुजू होते.

यात अन्याय झाला असं मला वाटत नाही. वाकडं आयलायनर ट्रेनिंगमध्ये सरळ होतं; समोरच्याकडे पैसे मागायची ज्याची जीभ उचलत नाही, त्याला जगातलं कुठलंच ट्रेनिंग सरळ करत नाही. (हे मी लेखकाच्या जातीचा अनुभव म्हणून सांगते.) आमची कलावतीही शिकते. पुढच्या इंटरव्ह्यूला ती मावशीला घरूनच पढवून नेते, की मी रिमूव्हर म्हटलं की तू पर्स उघड. मावशी उत्साहाच्या भरात प्रायमरलाच पर्स उघडते. नोकरी मिळते.

नोकरी मिळाल्यावर खरा अभ्यासक्रम सुरू होतो आणि तो नात्यांचा असतो. मॉलची भाषा हिंदी-इंग्रजीची मिसळ. पण समोरून "अगंबाई, केवढ्याला हे!" असा उद्गार आला की मुलगी झटकन मराठीत येते आणि तिथेच फसायचा धोका असतो. 'काकू' म्हटलं की विक्री बुडाली. काकू उठून जातात आणि जाताना तिच्या लिपस्टिकला नाव ठेवतात. पंचावन्नपर्यंत 'ताई', त्यापुढे 'मॅडम', आणि सोबत लग्नाची मुलगी असेल तरच आईला 'काकू', कारण त्या दिवशी पैसे काकूच देणार असतात आणि त्यांना मोठेपण हवंच असतं.

या काकूंचा विश्वास एकाच नावावर असतो, लॅक्मे. टाटांनी १९५२ साली सुरू केलेली ही कंपनी त्यांच्या तरुणपणी बाजारात जवळपास एकटीच होती. पुढे टाटांनी हा धंदा हिंदुस्थान लिव्हरला विकला आणि मूळच्या लॅक्मे कंपनीतून ट्रेंट, म्हणजे वेस्टसाइडची दुकानं उभी राहिली. पावडरीच्या पैशांतून कपड्यांची दुकानं निघाली, हे ऐकलं तर काकूंना आपल्या प्रत्येक डबीचा अभिमान वाटेल.

काकूंचा प्रश्नही ठरलेला. "हिला जरा उजळ दिसेल असं दाखवा." मुलीनं जबड्यावर विरघळणारी छटा शोधलेली असते, काकूंना तिच्याहून दोन पायऱ्या वरची हवी असते. २०२० साली 'फेअर अँड लव्हली'चं नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' झालं. काकूंपर्यंत तो बदल अजून आलेला नाही. इथे कलावंत आणि विक्रेती यांची भांडणं लागतात. वरची छटा दिली तर बिल लगेच होतं, पण लग्नाच्या फोटोत तोंड एक आणि मान दुसरीच दिसते. चांगली मुलगी खरी छटा विकते आणि काकूंना 'ही फोटोत उजळ येते' असं सांगते. एवढं खोटं माफ असावं.

बाकीची गिऱ्हाइकं थोडक्यात. कॉलेजच्या पोरी सगळे टेस्टर लावून, सेल्फी काढून, "आम्ही विचार करतो" म्हणून जातात. एक गृहस्थ येतात आणि बायकोसाठी "लाल, पण फार लाल नको" असं मागून घामाघूम होतात. हे सर्वांत उत्तम गिऱ्हाईक, जे दाखवाल ते घेतं. आणि एक बाई बरोबर रिसेप्शनच्या दिवशी पाच वाजता, अंबाडा घालूनच, 'ट्रायल'ला येते.

हल्ली या काउंटरवर मुलगेही असतात. उल्हासनगरचा एखादा पोरगा ब्रश घेऊन पुढे झाला की काकू आधी पदर सावरतात. पण मेकअप ही पुरुषांची मिरास होतीच की. पंढरी जुकरांसारख्या रंगभूषाकारानं हिंदी सिनेमाचे केवढाले चेहरे रंगवले. मुंबईच्या सिनेमात तर बायकांना मेकअप आर्टिस्टचं कार्डच मिळत नसे. केस विंचरा, तोंडाला हात लावू नका, असा मेकअपवाल्यांच्या संघटनेचा खाक्या. मेकअप आर्टिस्ट चारू खुराणा आणि तिच्या सहकारी थेट सुप्रीम कोर्टात गेल्या तेव्हा नोव्हेंबर २०१४ मध्ये ही बंदी उठली. तोपर्यंत मॉलमध्ये मुली रोज दहा-दहा चेहरे रंगवत होत्या, फक्त कुणी कॅमेरा लावलेला नव्हता. तेव्हा पदर सावरायचं काही कारण नाही. पाच मिनिटांनी काकू त्या पोराला सुनेच्या तक्रारी सांगत असतात.

काउंटरवर खुर्ची असते, उंच, गुबगुबीत. ती गिऱ्हाइकाची. हिनं दिवसभर उभं राहायचं, शनिवार-रविवार तर हमखास, कारण साप्ताहिक सुट्टी मंगळवारी. दुकानातल्या माणसांना बसायला मिळालं पाहिजे असा कायदा केरळनं २०१८ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२१ मध्ये केला. म्हणजे बसण्यासाठी या देशात विधानसभेपर्यंत जावं लागतं. आमची मुलगी तेवढं करत नाही. स्टॉक मोजायच्या निमित्तानं खालचा ड्रॉवर उघडते आणि तिथे उकिडवी बसून घेते. ज्या ब्रँडचा स्टॉक वारंवार मोजला जातो त्या ब्रँडच्या मुलीचे पाय दुखताहेत असं समजावं.

महिनाअखेरीला टार्गेट येतं. किती चेहरे खुलवले याची नोंद कुठेच नसते. किती बिलं झाली आणि एका बिलात किती वस्तू गेल्या, एवढंच मोजतात. तेव्हा बायांनो, रिसेप्शनच्या दिवशी फुकट मेकअप करून घ्यायचाच असेल तर निदान एक काजळ घ्या. आणि पैसे देताना कॅशियर विचारतो, "कुणी अटेंड केलं?" तेव्हा घाईत "कुणी नाही" म्हणू नका. तिच्या बिल्ल्यावरचं नाव वाचून सांगा. ते नाव बिलात पडलं तरच तिचा इन्सेंटिव्ह निघतो.