वर्ग तीस, वर्ग त्रेचाळीस

आमच्या पंतनगरच्या इमारतीतले नाना फोर्टातल्या एका वकिलाकडे पस्तीस वर्षं ट्रेडमार्कचे अर्ज भरत होते. निवृत्त झाले तरी सोमवार उजाडला की चहाआधी मोबाइलवर ट्रेडमार्क जर्नल उघडतात. लोक वर्तमानपत्रात कोण गेलं ते बघतात, नाना कोण येतंय ते बघतात.

"परदेशी नाव आधी येतं, माल मागून," हे त्यांचं लाडकं वाक्य. मग 1990 ची गोष्ट निघते. तेव्हा नुसतं परदेशी नाव लावून माल विकायची सोय नव्हती, म्हणून पेप्सी आली ती 'लेहर पेप्सी' होऊन. "घरजावई! सासरचं नाव लावून आला." पुढे धोरण सैल झालं, नावांची रीघ लागली, नानांना जेवायला फुरसत मिळेना. आणि जुलै 2013 मध्ये, नाना निवृत्त झाले त्याच वर्षी, भारतात माद्रिद प्रोटोकॉल लागू झाला. परदेशी कंपनीने आपल्या देशात एक अर्ज करायचा, तो जिनिव्हामार्गे इकडे. नानांनी हे मनाला लावून घेतलंय. "मी खुर्ची सोडायचीच वाट बघत होते. पण इथे हरकत निघाली की झक मारत इथलाच वकील लागतो!"

बारशाला बोलावलं तर विचारतात, "नावाचा सर्च केलात? बी विंगमध्ये दोन आरव आहेत. लोकांचा गोंधळ होणार." साखरपुड्यात म्हणाले, "चार महिने थांबा, कोणाची हरकत येते का बघू." पाच वर्षं तीन महिने न वापरलेली वस्तू ते भंगारात काढायला निघतात, नोंदलेल्या नावालाही कायद्यात तेवढीच सवलत आहे म्हणे. काकू शांतपणे म्हणतात, "अहो, तुमचा तो कोट आधी काढा."

खालच्या वडापाववाल्याचा तर त्यांनी पिच्छाच पुरवलाय. "अरे, नाव नोंदव! वडापाव म्हणजे वर्ग 30. बाकडं टाकून खायला घातलंस तर वर्ग 43." तो तळता तळता म्हणतो, "नाना, गाडीला नावच नाही, नोंदवू काय?" यावर नाना व्हर्लपूलचा खटला सांगतात. इथल्या दुकानात मशीन मिळत नव्हतं, तरी नावाची कीर्ती सीमा ओलांडून आली होती, ती 1996 मध्ये सुप्रीम कोर्टाने मानली. "माल नसला तरी नाव असतं, बाबा!"

मध्यंतरी नाना दोन महिने मुलाकडे पुण्याला गेले होते. एका सोमवारी मी गाडीवर उभा होतो. एक पोरगा आईला फोनवर पत्ता सांगत होता, "अगं, तो नानांचा वडापाव नाही का, तिथे."

वडापाववाला माझ्याकडे बघून हसला. "बघा साहेब, माल पुण्याला, नाव इथे."

नाना परतल्यावर मी हे सांगितलं. ते क्षणभर खुलले, मग चष्मा पुसत म्हणाले, "माझं नाव? परवानगी कोणी दिली त्याला?" आणि दोन वडापाव घेऊन, पहिल्यांदाच, पैसे न देता घरी गेले.