हजार वॉटचा गुरुवार

आठवडाभर भोसरीत पॉवर प्रेसचा दणदणाट ऐकायचा आणि गुरुवारच्या सुट्टीला पिंपरी कॅम्पात जाऊन होम थिएटर आणायचं! आमच्या शेजाऱ्यांची कानांना विश्रांती द्यायची ही रीत.

दुकानदार म्हणाला, "हजार वॉट आहे साहेब." रिसीव्हर पाचही चॅनेल एकदम चालू असताना सतत किती वॉट देतो, तेही किती ओहमच्या स्पीकरला, हे विचारायचं असतं. पण आकडा ऐकून छाती आधीच फुगली होती. वॉट दुप्पट केले तरी आवाज वाढतो जेमतेम ३ डेसिबल. दाम मात्र डेसिबलच्या हिशोबाने वाढत नाही.

पाच स्पीकर, एक सबवूफर, म्हणून ५.१. मागचा डावा देवघराखाली, मागचा उजवा फ्रिजवर, सबवूफरवर वहिनींचा मनीप्लांट. मधला स्पीकर, ज्यातून संवाद येतात, तो शोकेसमध्ये काचेआड, गणपतीच्या ट्रॉफीशेजारी. त्यामुळे स्फोट आम्हालाही ऐकू येतात, संवाद त्यांनाही नाही.

निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. आणि आमची भिंत चार इंचांची, सामाईक.